‘लाइट’ : परशब्दाचे मूल्य

सोलापूर जिल्ह्यातील मोडनिंबला ‘लाइट’ हा इंग्रजी शब्द दोन वाटांनी आला. पहिली वाट रेल्वेची. बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फूट रुंदीचा मार्ग १९०६ मध्ये कुर्डुवाडीहून मोडनिंबमार्गे पंढरपूरपर्यंत गेला. या नावातील ‘लाइट’चा अर्थ ‘हलकी’ असा होता. दुसरी वाट विजेची. तेथे ‘लाइट’ म्हणजे प्रकाश. इंग्रजीतही हे दोन शब्द व्युत्पत्तीने भिन्न असून केवळ रूपाने एक झाले आहेत. येथे पहिला विशेषनामात गोठला आणि मार्ग रुंद झाल्यावर स्मरणापुरता उरला. दुसरा मात्र बोलीत रुजला.

रुजताना त्याचा अर्थ पालटला. ‘लाइट लावला’ यात तो पुल्लिंगी, म्हणजे ‘दिव्या’च्या शेजारचा; ‘लाइट आली’ यात तो स्त्रीलिंगी, म्हणजे ‘विजे’च्या शेजारचा आहे. हा लिंगभेद सर्वत्र काटेकोर नसला, तरी अर्थभेदाचा द्योतक आहे. शेतीपंपांना वीज दिवसा आणि रात्री अशी पाळीपाळीने मिळते. ‘रात्रीची लाइट’ असली, की शेतकरी हातात बॅटरी घेऊन काळोखात विहिरीकडे निघतो. या प्रयोगात प्रकाशाचा मागमूस नाही. आहे ते मोटार, पाणी, जागरण आणि विंचूकाट्याचे भय.

स्वकीय शब्द उपलब्ध असता परकीय वापरू नये, हे सावरकरप्रणीत भाषाशुद्धीचे तत्त्व दोन्ही शब्द समानार्थी आहेत असे गृहीत धरते. परंतु शब्दाचे मूल्य त्याच्या शेजारच्या शब्दांशी असलेल्या भेदातून ठरते, हे सोस्यूरचे प्रतिपादन येथे अधिक उपयुक्त ठरते. ‘वीज’ आभाळातूनही कोसळते. ‘वीजपुरवठा’ हा शब्द निर्दोष खरा. पण तो पुरवठा करणाऱ्याच्या बाजूचा, कार्यालयीन कागदावरचा आहे. ‘लाइट’ हा वाट पाहणाऱ्याचा शब्द आहे. त्याच्या जागी ‘वीजपुरवठा’ घातल्यास वस्तू तीच राहते, बोलणाऱ्याची बाजू मात्र बदलते.

ग्रामीण साहित्याच्या समीक्षेत संवादांतील असे शब्द ‘वास्तवाचा रंग’ म्हणून नोंदवून पुढे जाण्याची प्रवृत्ती आढळते. ती अपुरी आहे. परशब्द कोठून आला, एवढ्याने त्याचा विचार संपत नाही. तो कोणत्या शब्दांशेजारी स्थिरावला आणि कोणाच्या तोंडी आहे, हेही समीक्षेने तपासले पाहिजे. अन्यथा ‘लाइट आली’ हे वाक्य वाचताना समीक्षकाला केवळ दिवा दिसेल, त्या वेळी अंधारात चाललेला माणूस दिसणार नाही.