निळ्या पडद्यावरची लाल ओळ

सुटे भाग आणून घरी जोडलेला डेस्कटॉप म्हातारा झाला की दुखणं लपवतो. झिप फाइल 'खराब आहे' म्हणते आणि तीच फाइल दुसऱ्यांदा बिनतक्रार उघडते. ब्राउझर आपोआप मिटतो. मशीन बंद पडतं, पण दर वेळी कारण वेगळं दाखवतं. भोर तालुक्यातल्या सारोळ्यासारख्या गावात संशयितही पुष्कळ: ये-जा करणारी वीज, महामार्गावरच्या ट्रकांची धूळ, पावसाळ्यात नीरेकाठची दमट हवा. लोक आधी विंडोज नव्यानं टाकतात. मी म्हणतो, आधी रॅम तपासणारा मेमटेस्ट८६+ हा प्रोग्रॅम लावा आणि तो चालू असताना समोर बसा. इतकी काटेकोर रचना संगणकाच्या जगात मला फार थोडी दिसली आहे.

मूळ मेमटेस्ट८६ ख्रिस ब्रॅडी यांचा, १९९०च्या दशकातला. त्यावरून सॅम्युअल डेम्युलेमिस्टर यांनी २००४ मध्ये 'प्लस' आवृत्ती काढली. तो पेनड्राइव्हवरून, विंडोजला न उठवता सुरू होतो, कारण विंडोज जागं असेल तर रॅमचा मोठा भाग त्यानंच अडवलेला असतो. पण हा प्रोग्रॅम स्वतःही रॅममध्येच बसतो ना? म्हणून बाकीची रॅम तपासून झाली की तो आपला मुक्काम दुसरीकडे हलवतो आणि आपण बसलो होतो ती जागाही तपासतो. मला त्याची सगळ्यात आवडती गोष्ट हीच.

रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एका सूक्ष्म कपॅसिटरमधला विद्युतभार. ही युक्ती आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांची, पेटंट १९६८चं. तो भार सतत गळतो. साधारण दर ६४ मिलिसेकंदांत तो पुन्हा भरावा लागतो. बिघडलेला कप्पा त्याआधीच रिकामा होतो, किंवा शेजारी लिहिलं की हा बदलतो. त्यामुळे नुसतं लिहून लगेच वाचलं तर दोष सापडेलच असं नाही. 'मूव्हिंग इन्व्हर्जन्स' ही चाचणी इथं कामाला येते. आधी सगळीकडे एक नमुना भरायचा. मग खालच्या पत्त्यापासून वर जात प्रत्येक ठिकाणी तो वाचायचा आणि तिथं त्याचा उलटा नमुना लिहायचा. टोकाला पोचल्यावर नांगर बांधाशी वळावा तसं वळायचं आणि उलट वाचत, सुलट लिहीत खाली यायचं. शेजाऱ्याचा त्रास दोन्ही बाजूंनी उघडा पडतो. 'बिट फेड' तर आणखी धीराची: नमुना भरायचा, काही काळ काहीच करायचं नाही, मग पाहायचं कोण विसरलं.

आणि मग, दोष सापडला की, निळ्या पडद्यावर लाल ओळ. तिच्यात पत्ता, काय असायला हवं होतं, काय मिळालं, आणि जुन्या ५.०१ आवृत्तीत कोणता बिट चुकला तेही. विशेषण नाही, सल्ला नाही. एक बिट म्हणजे किती? युनिकोडमध्ये 'ब'चा क्रमांक ०९२सी, 'भ'चा ०९२डी. फरक फक्त शेवटच्या बिटाचा. तो फिरला की अर्जावरचं 'ता. भोर' हे 'ता. बोर' होतं, आणि वाचणारा टाइप करणाऱ्याला दोष देतो. युनिकोडची देवनागरी मांडणी भारतीय 'इस्की' संकेतावर, म्हणजे आपल्या वर्णमालेच्या क्रमावर बेतलेली आहे. म्हणून शेवटच्या बिटाची अशी चूक पुष्कळदा शेजारचंच अक्षर देते आणि नजरेतून निसटते.

ती ओळ वाचायची ती अशी. रॅम काढा, सोनेरी पट्ट्या खोडरबरानं हलक्या हातानं पुसा, एकेक स्टिक वेगळी लावा, रात्रभर चाचणी चालू द्या. स्लॉट बदलूनही तोच बिट चुकत असेल तर स्टिक गेली. कोणतीही स्टिक एका ठराविक स्लॉटमध्येच चुकत असेल तर मदरबोर्डाकडे बघा. वेगवेगळ्या निर्दोष आणि जोडीनं सदोष असतील तर वेग किंवा व्होल्टेज. बायोसमध्ये वेग एक पायरी उतरवून पाहा. थकलेला पॉवर सप्लायही अगदी अशाच लाल ओळी काढतो, आणि हा भेद मेमटेस्ट करू शकत नाही. एवढी त्याची मर्यादा मान्य करायला हवी.

पण त्यानं एक वाट उघडी ठेवली आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. दोष मोजक्याच पत्त्यांवर असेल तर तो ते 'बॅडरॅम'च्या रूपात छापून देतो. लिनक्स वापरणाऱ्यानं ती छापील ओळ ग्रब या बूटलोडरच्या सेटिंगमध्ये घातली की तेवढे पत्ते वगळून उरलेल्या रॅमवर जुनं मशीन काम करत राहतं.