'पदर' आणि 'कासोटा' : वाक्प्रचारांतील एक भेद

वाक्प्रचार हे लोकाचाराचे निव्वळ प्रतिबिंब होय, असे आपल्याकडे बहुधा गृहीत धरले जाते. वस्त्रविषयक वाक्प्रचारांपुढे हे मत टिकत नाही. धोतर आणि नऊवारी लुगडे या दोहोंना कासोटा असतो. शेला, उपरणे आणि लुगडे या तिहींना पदर असतो. तरीही 'कासोट्याचा सैल' म्हणावयाचे ते पुरुषासच. स्त्रीचे शील भाषेने पदराशी बांधले. पदराचा प्रकार तर अधिकच उद्बोधक आहे. राजाच्या 'पदरी' सरदार असतात, गृहस्थ 'पदरमोड' करतो. तेथे पदर म्हणजे सत्ता वा द्रव्य. स्त्रीकडे वळताच तोच शब्द 'पदर येणे', 'पदर ढळणे', 'पदर पसरणे' असा देह, लज्जा आणि याचना यांत शिरतो. ('पदर खोचणे' हा सुखद अपवाद.) वस्त्र समान असता अर्थ दुभंगला, तेव्हा त्याचे कारण वस्त्रात शोधणे व्यर्थ आहे, ही समाजाने केलेली निवड होय. लुगडे आणि धोतर नित्याच्या वापरातून आज बहुतांशी गेली. ओढणीला मात्र पदराची सारी मर्यादा लागू झाली. विजारीकडे कासोट्याचा धाक आलेला दिसत नाही.