नकारही वाचायचा असतो : ह्यू बॉइडची कँडी-रोजनिशी

‘१७९६ मध्ये इंग्रजांनी डचांकडून श्रीलंकेची किनारपट्टी घेतली.’ वाक्य खोटं नाही. पण त्यात डोंगरातलं कँडीचं राज्य कुठे आहे?

ते शोधायचं तर बॉइडची रोजनिशी वाचा. जानेवारी १७८२ मध्ये इंग्रजांनी डचांकडून त्रिंकोमाली घेतलं. लगेच मद्रासचा गव्हर्नर मॅकार्टनीने बॉइडला मैत्रीचा प्रस्ताव देऊन कँडीला पाठवलं. राजाधिराजसिंह नुकताच गादीवर आला होता. त्याने नकार दिला.

बॉइड दरबारी रीतिरिवाज इतके रंगवून सांगतो, की हा नकार मानापमानाचा वाटावा. इथेच सावध राहा. त्याच्याच मजकुरात खरं कारण आहे. १७६२ मध्ये डचांशी संघर्ष पेटला असताना कंपनीचा जॉन पायबस असाच येऊन गेला होता. बोलणी झाली, मदत आलीच नाही. पुढे १७६६ च्या तहाने कँडीचा उरलासुरला किनाराही डचांकडे गेला. दरबार हे विसरला नव्हता. म्हणून आता कंपनीचा नको, थेट इंग्लंडच्या राजाचा शब्द हवा होता.

हा हिशेब भाबडा नव्हता. त्याच ऑगस्टमध्ये फ्रेंचांनी त्रिंकोमाली इंग्रजांकडून हिसकावलं!

रोजनिशी एकाच बाजूची आहे, म्हणून बाजूला ठेवू नका. लिहिणाऱ्याला जे खटकलं, तिथे समोरच्याचं राजकारण दिसतं. तुमच्या प्रबंधात ‘स्थानिकांचं सहकार्य’ असं लिहिण्याआधी एवढं विचारा : त्यांना काय हवं होतं, आणि काय आठवत होतं?