‘कॅमेऱ्यातील पुरावा’ : एका शीर्षकाची चिकित्सा

दुसऱ्या महायुद्धातील हवाई टेहळणीवरील कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ यांच्या ग्रंथाचे ‘एव्हिडन्स इन कॅमेरा’ हे शीर्षक श्लिष्ट आहे. कॅमेऱ्यातील पुरावा आणि बंद दालनातील गुप्त साक्ष, असे दोन्ही अर्थ त्यातून निघतात. श्लेष उत्तम आहे. परंतु पहिला अर्थ ग्रंथाच्याच आशयाला बाधक ठरतो, असे आमचे मत आहे.

त्या काळच्या ब्रिटिश एफ-५२ कॅमेऱ्याचेच उदाहरण घ्यावे. त्याला ३६ इंच नाभीय अंतराचे भिंग बसविता येई. ३६,००० फुटांवरून घेतलेल्या चित्राचे प्रमाण त्यामुळे १ : १२,००० पडते. महाडजवळील सव गावाचे असे चित्र घेतले, तर १२ मीटर लांबीचे घर फिल्मवर एका मिलिमीटरात मावेल. सावित्रीकाठचा तेथील झरा दिसलाच, तर करड्या ठिपक्याच्या रूपाने दिसेल. पाणी उष्ण आहे, हे त्या फिल्मवर उमटणार नाही.

मग अर्थ येतो कोठून? सुमारे ६० टक्के भाग समान असलेली लगतची दोन चित्रे स्टिरिओस्कोपखाली ठेवली म्हणजे उंचसखलपणा कळतो. सावलीच्या लांबीवरून उंची काढता येते. या दृष्टीने ‘छायाचित्र’ हा आपला शब्द विशेष समर्पक होय. जुन्या-नव्या चित्रांतील फरकावरून हालचाल उमगते. चिन्हाचा अर्थ इतर चिन्हांशी असलेल्या भेदातून सिद्ध होतो, हे भाषाशास्त्राचे तत्त्व येथेही लागू पडते.

पीनेमुंडे येथील उतरंडी प्रथम गाळ उपसण्याच्या कामातील समजल्या गेल्या होत्या. १९४३ मध्ये त्यांपैकी एकीवर लेखिकेनेच लहानसे विमान ओळखले आणि त्या उडत्या बॉम्बसाठी आहेत, हे स्पष्ट झाले. उतरंडी त्याच होत्या, वाचन बदलले. आपल्याकडे १९६० ते १९६२ या काळात जगमोहन नाथ यांनी कॅनबेरा विमानातून चिनी हालचाली टिपल्या, तरीही १९६२ चे आक्रमण देशाला अनपेक्षित वाटले.

जुनी हवाई चित्रे आज ग्रामेतिहासाचे साधन मानली जातात, म्हणून हा भेद महत्त्वाचा आहे. सवसारख्या गावाचे चित्र हाती आले, तर अभ्यासकाने ते घेऊन गावात जावे आणि शेतांची, पाणवठ्यांची व वाटांची नावे वृद्धांकडून त्यावर नोंदवून घ्यावीत. त्या नोंदींशिवाय चित्राचे वाचन अपुरे राहील.