रसायनाची सांकेतिक लिपी

रासायनिक सूत्रे म्हणजे शाळकरी मुलांचा जाच, असे मानण्याची आपल्याकडे चाल आहे. तो जाच आम्हीही सोसला. मास्तरांनी सूत्रे पाढ्यांसारखी घोकून घेतली, अर्थ सांगितला नाही. पुढे दस्तऐवज वाचण्याचा व्यवसाय पत्करला, तेव्हा कुठे या लिपीची थोरवी आम्हांस उमगली.

स्वीडनच्या बर्झेलियसने १८१३-१४ मध्ये मूलद्रव्याच्या लॅटिन नावाचे आद्याक्षर, जरूर तर जोडीला आणखी एक अक्षर, हीच त्याची संज्ञा ठरविली. डाल्टनची आधीची वर्तुळचिन्हे देखणी खरी, पण खिळे जुळविणाऱ्यास ती तापदायकच. डाल्टनला ही अक्षरे रुचली नाहीत. आमचा कौल मात्र बर्झेलियसला.

लिपीचा खरा कस समीकरणात लागतो. देवळाच्या भिंतीवरचा चुनाच घ्या. शुद्ध चुनखडी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, भट्टीत पुरती भाजली की १०० किलोंतून ५६ किलो कळीचा चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. कळीवर पाणी ओतले की ती तापून फुटते व चुना विरतो. तो भिंतीस लागला की हवेतला तोच वायू शोषून पुन्हा कार्बोनेट बनतो. एवढा प्रवास तीन ओळींत मावतो, आणि एकही अणू हिशेबाबाहेर जात नाही!

हिशेब जुळेना की विद्यार्थी सूत्रातलाच आकडा बदलतो. ‘एच-टू-ओ’च्या ओ-खाली दोनाचा आकडा घातला की पाण्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड झाले. नोंदलेल्या खरेदीखतात परस्पर चतुःसीमा बदलण्याचाच हा प्रकार. आकडा सूत्रापुढे लिहावा, पोटात नव्हे.

उणीवही सांगितली पाहिजे. भट्टीस किती आच लागली, भिंत किती महिन्यांनी पक्की झाली, हे समीकरण आपण होऊन सांगत नाही. हुकूमनाम्यात निकाल असतो, खटल्याचे हेलपाटे नसतात.

या संज्ञा देवनागरीत आणाव्यात, असा आग्रह स्वभाषाभिमानी मंडळी धरतात. तो आम्हांस मान्य नाही. आपण ज्यास अणू म्हणतो त्यास हिंदी पुस्तके परमाणु म्हणतात, आणि आपल्या रेणूस अणु! ग्वाल्हेर-इंदुरातल्या आपल्या मुलांची घरच्या आणि शाळेच्या शब्दांत अशी ओढाताण होते. ‘एच-टू-ओ’ मात्र दोन्हीकडे तेच.