सैतानाला दिलेले पंख

आपल्याकडील अनेक घरांत महादूत संत मिखाएलची तसबीर असते. महादूताचे पंख शुभ्र, पिसांचे. पायाखालच्या सैतानाचे मात्र पुष्कळदा कातडी व टोकदार. हे दुसरे पंख वटवाघळाचे होत. दान्तेने ‘इन्फर्नो’च्या अखेरच्या सर्गात ल्युसिफरला पिसांविना, वटवाघळासारखे पंख दिले, आणि 1861 साली गुस्ताव दोरे याने आपल्या चित्रांत तेच पंख बर्फात रुतलेल्या महाकाय देहावर पसरले. चित्र प्रभावी आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण त्यात वटवाघूळ कोठेच नाही. आहे ती त्याच्यापासून तोडून घेतलेली आकृती. अमूर्तीकरणाची सुरुवात अशीच होते.

बायबलवर याचा दोष ढकलता येणार नाही. लेवीय ग्रंथाच्या 11व्या अध्यायात निषिद्ध पक्ष्यांच्या यादीत शेवटचे नाव वटवाघळाचे आहे, इतकेच. (खाऊ नका, या आज्ञेने त्या जिवाचे भलेच झाले असेल!)

तीच आकृती चीनमध्ये मंगल ठरली. चिनी भाषेत वटवाघूळ आणि सौभाग्य या दोहोंसाठीच्या शब्दांचा उच्चार ‘फू’. पाच वटवाघळे म्हणजे दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य, सदाचाराची आवड आणि स्वाभाविक मरण. चिनीमातीच्या भांड्यांवर व रेशमावर ती इतकी वळणदार झाली की ढग कोणता नि पंख कोणता हे कळू नये. ही नक्षी आम्हांस दोरेहून प्रसन्न वाटते. तरी प्राणी येथेही हरवलाच.

तो आम्हांस भेटला एका कलकत्त्याच्या चित्रात. तेथील सुप्रीम कोर्टाचे सरन्यायाधीश इलायजा इंपे यांच्या पत्नी मेरी यांनी पाटण्याच्या चित्रकारांकडून पशुपक्ष्यांची चित्रे करवून घेतली होती. त्या काळचे, 1777 ते 1782 च्या सुमाराचे एक फलाहारी वटवाघूळ, भवानी दासने वा त्याच्या परंपरेतील कोणी रंगविलेले, आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. कोऱ्या कागदावर एक पंख उघडा, दुसरा मिटलेला. उघड्या पंखाकडे पाहताच कळते की हा पंख नव्हेच, हात आहे: अंगठा मोकळा, चार लांबलचक बोटे, आणि त्यांच्यामध्ये ताणलेली पातळ त्वचा.

हाच हात रात्री मोहाच्या फुलांपाशी पोहोचतो, परागण करतो, वड-उंबरांच्या बिया दूरवर नेतो. कीटकभक्षी लहान जाती तर एका रात्रीत आपल्या वजनाच्या जवळपास निम्मे कीटक फस्त करू शकतात. तरीही 1972 च्या वन्यजीव कायद्याने फलाहारी वटवाघळांना उपद्रवी प्राण्यांत बसविले. ती यादी 2022 च्या दुरुस्तीने गेली. प्रत्येक जिवाला त्याच्या उपयोगापलीकडे, देवाच्या दृष्टीने स्वतःचे मोल आहे, असे पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात लिहिले. भवानी दासच्या कुंचल्याला ते आधीच ठाऊक असावे.

अलीकडच्या अमूर्त वन्यजीवचित्रांत वटवाघूळ म्हणजे बहुधा एक काळा फराटा असतो. आम्ही त्यात ती चार बोटे शोधीत राहतो.