जात्यावरील ओवीतील समाधान : संबोधनांच्या अनुषंगाने एक विचार

मराठी लोकसाहित्याच्या विवेचनात जात्यावरील ओवीविषयी एक मत जवळजवळ सर्वमान्य झालेले आहे. पहाटेच्या अंधारात दळावयास बसलेली स्त्री ओवी गाता गाता आपले दुःख विसरते, असे ते मत होय. ह्या मतात तथ्यांश नाही असे म्हणता येणार नाही. गाण्याने श्रम हलके होतात हा सार्वत्रिक अनुभव आहे. परंतु ‘विसरते’ हे क्रियापद तपासून घेण्याजोगे आहे. ओव्यांचे संग्रह पाहू लागले असता तेथे विसरण्याचा पुरावा फारसा सापडत नाही. सासुरवास, माहेराचे अंतर, दारिद्र्य, अपत्यवियोग, वैधव्य ह्यांपैकी कशाचाही ओवीने संकोच बाळगलेला नाही. जे विसरावयाचे तेच पुनःपुन्हा नाव घेऊन सांगितले जात असेल, तर समाधानाचे मूळ विस्मृतीत आहे असे मानणे सयुक्तिक ठरत नाही. ते अन्यत्र शोधले पाहिजे. ओवीच्या भाषेचे बारकाईने निरीक्षण केल्यास ह्या शोधाची दिशा सापडते.

ओवीचे श्रमाशी असलेले नाते अत्यंत प्राचीन आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याच्या ‘मानसोल्लास’ ह्या संस्कृत ग्रंथात, म्हणजे इ. स. ११२९च्या सुमारास, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असा उल्लेख येतो. ‘ज्ञानेश्वरी’ची रचना शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० ह्या वर्षाची. ग्रंथओवीने तत्त्वचिंतनाचा भार उचलण्यापूर्वी निदान दीड शतक ही ओवी उखळाजवळ नांदत होती, एवढे ह्यावरून निश्चित होते. ज्या छंदात मराठीने आपले सर्वश्रेष्ठ अध्यात्म सांगितले, त्याचे घर स्वयंपाकघराला लागून होते ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

लोकओवीच्या चरणातील अक्षरसंख्या निश्चित नसते. जात्याच्या फेऱ्याबरोबर चरण लांबतो किंवा आखडतो. अंत्य स्वर ओढून धरला जातो आणि मधल्या जागा लहानसहान शब्दांनी भरल्या जातात. गं, बाई, सई, बया, माझ्या, मैना, राघू हे ते शब्द होत. छंदःशास्त्राच्या दृष्टीने ह्यांची संभावना ‘पादपूरक’ अशी होते, आणि संग्राहक ओवी उतरवून घेऊ लागला म्हणजे त्यांतील पुष्कळसे शब्द गळून जातात. गाताना एका चरणात तीन वेळा आलेला ‘बाई’ छापताना एकदाच राहतो, किंवा मुळीच राहत नाही. आशय तर तसाच राहिला, मग हानी कोणती, असा प्रश्न ह्यावर सहज विचारला जाईल.

हानी अशी की, हे शब्द नुसते भरतीचे नाहीत. ‘माझ्या’सारखे एखादे पद वगळल्यास हे सारे शब्द कोणास तरी हाक मारणारे आहेत. ‘बया’ ही आई, ‘सई’ ही सखी, ‘मैना’ ही लेक, ‘राघू’ हा लेक. नुसत्या ‘गं’ने देखील ऐकणारी कोणी स्त्री समोर आहे हे गृहीत धरले जाते. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर ओवी हे विधानांचे काव्य नव्हे. ते संबोधनांचे काव्य आहे. सांगणे, पुसणे, बोलणे ही क्रियापदे ओव्यांत ज्या प्रमाणात येतात, ते प्रमाणही हेच सुचविते. दुःख आहे असे ओवी नुसते म्हणत नाही. दुःख आहे असे ती कोणाला तरी सांगते. ज्या घरात सुनेला मान वर करून बोलण्याची मुभा नव्हती, पतीचे नाव उखाण्यावाचून घेता येत नव्हते, त्या घरात सांगण्यास माणूस असणे ही साधी गोष्ट नव्हती. ओवीने तो माणूस भाषेतून उभा केला.

ह्या दृष्टीने पाहिले म्हणजे एक व्यवस्था स्पष्ट होते. जाचाचे वर्णन बहुधा जाच करणाऱ्यास उद्देशून नसते. ते आईस, भावास, सखीस, किंवा ह्यांपैकी कोणी जवळ नसल्यास खुद्द जात्यास उद्देशून असते. जात्याला देव म्हणणे आणि हृदयीचे गुज त्याच्यापाशी उकलणे हा ओवीतील अत्यंत परिचित संकेत आहे. त्याचबरोबर, आपले हाल आईच्या कानावर जाऊ नयेत, ऐकून तिचा जीव तुटेल, असे निरोप्याला बजावणाऱ्या ओव्याही आहेत. वरवर पाहता हा विरोध वाटतो. वस्तुतः आईला हाक मारली जाते आणि आईपासून दुःख लपविलेही जाते, ह्या दोन्ही गोष्टी त्या हाकेनेच साधतात. कारण जात्यापाशी बोललेले जात्यापाशीच राहते.

दैनंदिन आनंदाचाही उगम ह्याच ठिकाणी आहे. ओवीतील आनंद अमूर्त नाही. तो वस्तूंनी मोजलेला असतो : भावाने आणलेली चोळी, त्याच्यासाठी रांधलेल्या शेवया, अंगणातील तुळस, तान्ह्याचे रांगणे, उगवत्या सूर्यनारायणाकडे मागितलेले चुड्याचे आयुष्य. ह्या याद्यांना काही समीक्षकांनी संकुचित अनुभवविश्वाचे लक्षण मानले आहे. परंतु ह्या यादीतील प्रत्येक वस्तूमागे एक माणूस आहे. चोळी ही भावाची म्हणून मोलाची, शेवया त्या येणाऱ्यासाठी म्हणून रुचकर. वस्तूचा उल्लेख हाही एका अर्थी व्यक्तीला दिलेला प्रतिसादच होय.

परमार्थाच्या क्षेत्रातही ओवी हीच रीत सोडत नाही. पंढरपूर हे तिचे माहेर असते आणि विठ्ठल हा पिता, बंधू किंवा दाराशी आलेला पाहुणा असतो. रुक्मिणीचा रुसवा हा तर ओवीचा आवडता विषय आहे. तुळशीवरून किंवा जनाबाईवरून देवाच्या घरात धुसफुस होते आणि विठ्ठलाला समजूत घालावी लागते. ह्यात देवाची थट्टा नाही. आपल्या घरासारखेच देवाचेही घर आहे, ह्या जाणिवेत मोठा दिलासा आहे. नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनाबाईच्या बाबतीत विठ्ठल तिच्याबरोबर दळू लागला अशी परंपरागत कथा आहे. ह्या कथेतील चमत्कार बाजूला ठेवला तरी तिचा भाव ध्यानात घेण्यासारखा आहे. देव येथे संकट निवारीत नाही. तो जात्याच्या दुसऱ्या बाजूस येऊन बसतो. जड जाते दोघींनी समोरासमोर बसून ओढावयाचे असते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ह्या कथेतील आध्यात्मिक आशय निराळा समजावून सांगावा लागणार नाही.

ह्यावर असा आक्षेप संभवतो की, हे समाधान भक्तीचे आहे. त्याचे श्रेय श्रद्धेला द्यावे, व्याकरणाला नव्हे. ह्या आक्षेपाचे उत्तर ओव्यांच्या इतिहासानेच दिले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ज्या स्त्रियांनी जुनी दैवते सोडली, त्यांनी ओवी मात्र सोडली नाही. भीमराव, रमाबाई आणि बुद्ध ह्यांच्यावरील ओव्यांची मोठी परंपरा मराठवाड्यात व अन्यत्र उभी राहिली. श्रद्धेचा विषय पार पालटला, पूर्वीची काही नावे तर जाणीवपूर्वक टाकण्यात आली. तथापि संबोधनाचे स्थान रिकामे राहिले नाही. भीमराव तेथे पित्याच्या किंवा बंधूच्या नात्याने आले. एका धर्मातून दुसऱ्या धर्मात जाताना जी गोष्ट टिकून राहिली, ती त्या समाधानाच्या अधिक मुळाशी असली पाहिजे.

पूर्वसूरींच्या कार्याचे मूल्यमापनही ह्या अनुरोधाने करता येते. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्यांचे विषयवार वर्गीकरण केले आणि त्यांना जिव्हाळ्याच्या विवरणाची जोड दिली. सरोजिनी बाबर ह्यांच्या संपादनाने महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतील सामग्री एकत्र आली. दुर्गा भागवत ह्यांच्या ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ ह्या १९५६च्या ग्रंथाने अभ्यासाला शास्त्रीय बैठक दिली. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ ह्यांनी एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या आणि त्यांतील काहींचे ध्वनिमुद्रणही झाले. ह्या सर्वांचे ऋण मान्य करूनही असे म्हणावे लागते की, विषयवार वर्गीकरणाने एक गैरसमज नकळत दृढ केला. ओवी ‘कशाविषयी’ आहे हा प्रश्न पुढे आला आणि ती ‘कोणाला उद्देशून’ आहे हा प्रश्न मागे पडला. ध्वनिमुद्रण उपलब्ध झाल्याने आता छापील पाठ व गायिलेला पाठ शेजारी ठेवून हा दुसरा प्रश्न विचारता येतो. पदव्युत्तर अभ्यासकांना येथे विस्तृत क्षेत्र मोकळे आहे.

हा भेद केवळ वर्गीकरणाचा नाही. ‘गाऊन दुःख विसरते’ हे सूत्र एकदा स्वीकारले की, त्यातून सोशिकपणाचे कौतुक सहज निपजते. जाते, काळोख आणि ओवी ह्यांचे एक रम्य चित्र तयार होते आणि त्या चित्रात दुःख हे जणू काव्याचे भांडवल ठरते. खेड्यात पिठाची गिरणी आली तेव्हा पुष्कळ रसिकांनी ओवी गेली म्हणून हळहळ व्यक्त केली. ज्यांच्या तळहातांना खुंट्याने घट्टे पडले होते त्यांनी जात्यासाठी अश्रू ढाळले असतील असे मानण्याचे कारण नाही. त्यांना जर कशाची उणीव भासली असेल, तर ती पहाटेच्या त्या घटकेची, ज्या घटकेत कोणी अडविणार नाही अशा रीतीने बोलता येत होते. कष्ट आणि कष्टातील समाधान ह्या दोन गोष्टी एकाच दगडाशी बांधलेल्या होत्या, म्हणून त्या एकच होत्या असे होत नाही. समाधानाच्या गोडव्यावरून कष्टाचे समर्थन करणे हा समीक्षेचा अपराध होय.

तात्पर्य, जात्यावरील ओवी कठीण काळाला गोड करून दाखवीत नाही. ती त्या काळात ऐकणारे कोणी तरी समोर ठेवते : कधी आई, कधी पंढरीचा विठ्ठल, कधी भीमराव, कधी निव्वळ दगड. हे ऐकणारे कोण होते ते ज्या बारीकशा शब्दांवरून कळते, तेच शब्द आजवर भरतीचे म्हणून गाळले गेले. पुढील संपादकाने लेखणी उचलण्यापूर्वी एवढे ध्यानात ठेवावे की, चरणातील ‘बाई’ खोडताना तो एक अक्षरपूर्ती खोडीत नसून त्या पहाटे जात्यापलीकडे बसलेली दुसरी बाई उठवून लावीत आहे.